दिवाळीनंतर सायकल सुरू केली की तिसऱ्या आठवड्यात गुडघा का धरतो आणि त्यावर काय करायचं

जूनमध्ये पालखी दिवे घाट चढून गेली की पुण्याकडच्या बऱ्याच सायकली भिंतीला लागतात. मग पाऊस, गणपती, नवरात्र, फराळ. नोव्हेंबरात पहाटे गारवा आला की सायकल पुन्हा बाहेर निघते. पहिल्या आठवड्यात धाप लागते. दुसऱ्यात जरा बरं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात पाय हलके झाल्यासारखे वाटतात, ग्रुपवर कुणीतरी "रविवारी बोपदेव" (पुण्याजवळचा घाट) असं टाकतं आणि सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते. मग पंधरा दिवस सुटी, पुन्हा सुरुवात, पुन्हा कळ. असं करत जानेवारी उजाडतो आणि सीझन निम्मा संपलेला असतो.

हे दरवर्षी होतं, कारण शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने परत येत नाहीत. सायकल सुटली की सगळ्यात आधी रक्तातला द्रवभाग कमी होतो. दोन-तीन आठवड्यांतच तो पाच ते बारा टक्क्यांनी घटू शकतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं म्हणून ठोके वाढतात आणि धाप लागते. पण हा द्रव तितक्याच लवकर भरूनही येतो, नियमित सायकल सुरू केल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी "जमतंय की" असं वाटतं ते यामुळे. स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करण्याची क्षमता यायला महिना-दोन महिने लागतात. आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा या सगळ्यांत मंद. त्यांना रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे नव्या ताणाला सरावायला त्यांना दोन-तीन महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसं "चल" म्हणतात आणि गुडघा अजून ऑगस्टमध्येच असतो. थांबायचं कधी हे आपण धापेवरून ठरवतो, आणि नेमकी धापच तोवर गेलेली असते.

आधी टेप घ्या, मग मलम

गुडघा दुखला की लोक थेट व्यायामाकडे किंवा पट्ट्याकडे वळतात. त्याआधी पाच मिनिटं सायकलला द्या. चार महिन्यांत सीट जागची हलण्याची कारणं पुष्कळ असतात. सर्व्हिसिंगला सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून परत बसवलेली असते, घरातल्या कुणीतरी खाली करून चालवलेली असते, गाडीच्या डिकीत घालताना दाबलेली असते. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ८५ च्या कॅडन्सने (मिनिटाला पेडलचे ८५ फेरे) दोन तास चालवलं तर एक गुडघा १०,२०० वेळा वाकतो, आणि तितक्या वेळा चुकीच्याच कोनात वाकतो.

क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत टेप धरा आणि आकडा लिहून ठेवा. गेल्या सीझनचा आकडा नसेल तर भिंतीला पाठ लावून, पायांत पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटीमीटर आली तर सीट साधारण ७०.६ वर हवी. हे सूत्र ढोबळ आहे, पण सेंटीमीटरभर चूक असेल तर पकडतं. खात्रीसाठी सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकायला नको. योग्य उंची मिळाली की सीटपोस्टवर क्लॅम्पच्या लगेच वर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. पुढच्या वर्षी हा सगळा खटाटोप वाचेल.

बदल करायचा तर एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर, आणि त्यावर किमान दोन राइड झाल्याशिवाय पुढचा बदल नाही. क्लॅम्पचा बोल्ट बहुतेक सायकलींवर ५ न्यूटन मीटर मागतो, आकडा क्लॅम्पवरच छापलेला असतो. अॅल्युमिनियमच्या सीटपोस्टला ग्रीस लावा, कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस अजिबात नको, तिला कार्बन पेस्ट. पावसाळाभर न हललेली अॅल्युमिनियमची पोस्ट फ्रेमला धरून बसलेली असते. ती हातोडीने ठोकू नका. सांध्यात भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी सीट धरून पिळून काढा.

क्लीटवाले बूट (क्लीट म्हणजे तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) असतील तर तळ उलटा करून पाहा. शिमानोच्या रोड क्लीटच्या कोपऱ्यांवरचं पिवळं रबर झिजून खालचं काळं प्लास्टिक दिसत असेल तर क्लीट बदला, कारण झिजलेल्या क्लीटमध्ये पाय डोलतो. जुनी क्लीट काढण्याआधी तिच्या कडेने मार्करने रेघ मारून घ्या, नवी त्याच रेघेत बसवा. पिवळी क्लीट सहा अंश फिरू देते, निळी दोन, लाल अजिबात नाही. सुटीनंतर परतताना पिवळीच बरी. लाल क्लीटने गुडघा दुखतोय असं सांगणाऱ्याला दुसरं काही विचारायची गरज नसते.

कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा

"गुडघा दुखतो" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. एका बोटाने जागा दाखवता आली पाहिजे.

वाटीच्या पुढे किंवा लगेच खाली दुखत असेल आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त जाणवत असेल, तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. बहुतेकदा दोन्ही. वर सांगितलेला तिसऱ्या आठवड्यातला त्रास जवळजवळ नेहमी इथलाच असतो. आधी सीट तीन मिलिमीटर वर घ्या, ती फार पुढे सरकलेली असेल तर मागे घ्या, मग गिअरकडे बघा.

गुडघ्याच्या मागे ओढ लागत असेल तर सीट उंच आहे. खाली घ्या. पेडलच्या तळाशी पाय ताणला जातोय, टाच वर उचलली जातेय, हे मागून कुणाला तरी बघायला सांगितलं की दिसतं.

बाहेरच्या बाजूने, राइड सुरू झाल्यावर ठरावीक वेळाने चटका येऊ लागला आणि थांबलं की गेला, तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत बाहेरून जाणारा पट्टा घासतोय. क्लीटमुळे पंजा फार आत वळलेला आहे का, सीट उंच आहे का, ते तपासा आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा. आतल्या बाजूने दुखत असेल तर पंजा फार बाहेर वळलेला असतो किंवा क्लीट अडकून बसते.

सूज आली असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, वजन टाकताना दगा देत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर इथलं वाचणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

जड गिअरचा हिशेब

घाटात गुडघा का जातो हे आकड्यांत पाहिलं की पटतं. समजा तुमचं वजन ७० किलो, सायकल, पाणी, बूट धरून एकूण ८२. आठ टक्क्यांचा चढ. सुटीनंतर तुमच्याकडे जेमतेम १५० वॅट आहेत. एवढ्या ताकदीत वेग ताशी आठ किलोमीटरच्या आत राहतो. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर या वेगाला कॅडन्स येतो ५० च्या आसपास. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पेडलला सरासरी १७ किलोचा जोर द्यावा लागतो. तेच १५० वॅट सपाटीवर ८५ च्या कॅडन्सने काढले तर जोर येतो १० किलो. घड्याळात आकडा तोच, हृदयाचे ठोके तेवढेच, गुडघ्यावरचा भार मात्र दीडपटीहून जास्त. आणि ही झाली सरासरी. पेडल पुढे आडवं असतानाचा झटका याच्या कितीतरी वर असतो.

म्हणून पहिले पाच आठवडे बोपदेव नको. सिंहगड तर नकोच. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा सुमारे नऊ किलोमीटरचा तो चढ मधल्या टप्प्यांत जिथे उभा होतो तिथे ३४-२८ वर बसून पेडल मारणं नव्या कंडरेला झेपत नाही. घाट करायचाच असेल तर जुना कात्रज, सकाळी लवकर, बसून. कॅसेटला (मागच्या चकत्यांच्या संचाला) ३२ किंवा ३४ दातांची चकती बसवता येत असेल तर बसवून घ्या. ३४-३४ वर त्याच चढाला कॅडन्स साठीच्या वर राहतो. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंत घेतो ते आधी विचारून घ्या. छोट्या पिंजऱ्याचे जुने डिरेल्युअर २८ किंवा ३० च्या पुढे जात नाहीत. "मोठी कॅसेट म्हणजे कमीपणा" असं समजणारे अजून भेटतात. त्यांना पुढे जाऊ द्या.

आधीच दुखायला लागलं असेल तर

पूर्ण विश्रांती दोन-तीन दिवस पुरे. त्यापुढे बसून राहिलं की कंडरा आणखी मऊ पडते आणि परतल्यावर पुन्हा तेच. शून्य ते दहाच्या मापात दुखणं तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जात असेल तर सायकल चालू ठेवा, फक्त सपाटीवर, ९० च्या जवळच्या कॅडन्सने, ३०-४० मिनिटं. सकाळीही दुखत असेल तर कालचं जास्त झालं, वेळ निम्मा करा.

सोबत वॉल सिट. भिंतीला पाठ टेकून गुडघे साधारण साठ-सत्तर अंशांत वाकवून ४५ सेकंद थांबायचं, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा, एक दिवसाआड. स्थिर ताणाने कंडरेचं दुखणं उतरतं आणि तिला कामही मिळतं. दहा दिवसांनी पायरीवर या. १५ सेंटीमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची, तीन सेकंद मोजत. प्रत्येक पायाला १० वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत झुकतोय का ते आरशात बघा. झुकत असेल तर अडचण खुब्याच्या स्नायूंत आहे, त्यासाठी एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग तोलणं) जोडा. हे सगळं वीस मिनिटांत होतं आणि सीझनभर आठवड्यातून दोनदा केलं तर वरचं बरंचसं वाचावं लागत नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन राइडला जाणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. तीनचं दुखणं सहावर गेलेलं कळतच नाही.

ठोके जास्त का येतात

गेल्या फेब्रुवारीत १५० वॅटला १३५ ठोके यायचे, आता १४८ येतात, घड्याळ बिघडलं का? घड्याळ ठीक आहे, वर सांगितलेला द्रव कमी आहे. पहिले दोन आठवडे हा फरक राहणारच. या काळात गेल्या वर्षीच्या एफटीपीवरून (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) काढलेले झोन (जोराचे टप्पे) वापरू नका. जुन्या २२० च्या हिशेबात दुसरा झोन १६५ वॅटपर्यंत जातो. आज तुमचा एफटीपी १९० असेल तर १६५ म्हणजे तिसऱ्या झोनचा वरचा भाग. आरामाची राइड म्हणून रोज तिथे चालवलं की तिसऱ्या आठवड्यात पाय लाकडासारखे होतात.

मग मोजायचं कशाने? बोलण्याने. पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मारुतीस्तोत्राच्या चार ओळी मोठ्याने म्हणून बघा, मधेच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. पॉवर मीटर आणि छातीचा बेल्ट असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक नेमकी चाचणी करता येते. सपाट रस्त्यावर किंवा ट्रेनरवर (सायकल घरात जागेवरच चालवायचं स्टँड) एक तास एकाच वॅटवर चालवा. पहिल्या अर्ध्या तासाची ठोक्यांची सरासरी १३६ आणि दुसऱ्याची १४७ आली तर ठोके आठ टक्क्यांनी चढले, पाया अजून कच्चा आहे. पाच टक्क्यांच्या आत आलं की वेळ वाढवायला हरकत नाही. ट्रेनरवर पंखा लावून करा. पंखा नसेल तर उकाड्यानेच ठोके चढतात आणि चाचणी फसते. मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर थंडीत विसंबू नका, हात गार पडले की त्याचं वाचन भरकटतं.

एफटीपीची २० मिनिटांची चाचणी सातव्या आठवड्याआधी करू नका. आलेल्या सरासरीला ०.९५ ने गुणा, आणि तो आकडा खरा माना. गेल्या वर्षीचा मानू नका.

किती आणि कधी वाढवायचं

गेल्या सीझनला आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर करणाऱ्या आणि तीन-चार महिने थांबलेल्या माणसासाठी हा हिशेब आहे. किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

पहिल्या आठवड्यात तीन राइड, प्रत्येकी ४५ मिनिटं ते तास. दुसऱ्यात चार राइड मिळून चार तास, त्यातली एक दीड तासाची. तिसऱ्यात पाच तास, सगळ्यात लांब राइड दोन तास, आणि याच आठवड्यात ग्रुप राइडला नाही म्हणायचं. चौथ्यात तीन तासांवर या, बरं वाटत असलं तरी. पाचव्यात साडेपाच तास आणि शेवटाला पहिला सौम्य घाट. सहाव्यात साडेसहा तास, रविवारी तीन तास, खडकवासल्याच्या पाण्याकडेने पानशेतकडे जाणारा चढउताराचा रस्ता याला चांगला. सातव्यात चाचणी, आणि तिथून पुढे आठवड्यात एक जोरकस राइड.

चौथा आठवडा गाळणारे सगळ्यात जास्त असतात आणि गुडघा घेऊन येणारेही तेच. राइड चुकली तर चुकली, पुढच्या आठवड्यात तिची भरपाई करू नका.

पहाटेचा गारठा

आपल्याकडची थंडी युरोपातली नाही, पण तिची वेगळीच खोड आहे. पुण्यात डिसेंबरात पहाटे सहाला १०-१२ अंश असतात, निफाडकडे त्याहून बरेच कमी, आणि दहा वाजता तोच माणूस उन्हात घाम पुसत असतो. त्यामुळे जाड जॅकेट नको, काढून खिशात जाणारे थर हवेत. १५ अंशांच्या खाली गुडघे झाका. नी वॉर्मर नसतील तर जुन्या ट्रॅक पँटचा पाय कापूनही चालतो. गारठलेल्या गुडघ्यावर जोर टाकायचा नाही, पहिली २० मिनिटं लहान चेनरिंगवरच (पुढच्या लहान चकतीवर).

सिंहगडासारख्या चढावर घाम येतो आणि उतरताना तोच घाम छातीवर गार पडतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाऊन झाली की कालच्या वर्तमानपत्राची दोन पानं जर्सीच्या आत छातीवर घाला. जुन्या शर्यतपटूंचा उपाय आहे, खर्च शून्य, आणि वाऱ्याला जॅकेटइतकाच अडवतो.

राइडनंतर तासभर कोरडा खोकला येत असेल तर तोंडाने ओढलेली गार कोरडी हवा कारण असू शकते. पहिली वीस मिनिटं नाकातोंडावरून बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) ओढा आणि वेग कमी ठेवा. छातीत शिट्टी वाजत असेल तर डॉक्टरांना दाखवा, व्यायामाने उठणारा दमा औषधाने नीट आटोक्यात येतो. फटाक्यांचा धूर जमिनीलगत साचून राहिलेला असतो अशा पहाटे बाहेर न पडणं बरं, ट्रेनर कशासाठी आहे.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी तसंच परत येतं. तासाला अर्धा लिटर ठरवून प्या. दीड तासाच्या पुढे राइड गेली की तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी, किंवा एक केळं आणि मूठभर खजूर. ओआरएसला जेवण समजू नका. लिटरभर पाण्यात त्याची साखर १३.५ ग्रॅमच असते, त्याचं काम पाणी आणि क्षार पोचवण्याचं आहे. डिंकाचा लाडू घरी आल्यावर खा. चढावर त्यातलं तूप पोटात दगडासारखं बसतं.

बूड आणि हात

पहिले दहा दिवस बसायची हाडं दुखतात ते साहजिक आहे, सरावाने जातं. कातडी सोलवटत असेल तर ते साहजिक नाही. सायकलची गादीवाली चड्डी धुतल्याशिवाय दुसऱ्यांदा घालू नका, आत अंतर्वस्त्र नको, राइड संपली की लगेच बदला. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर हाताच्या गादीवर वजन जास्त पडतंय: सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का ते फोनमधल्या पातळी दाखवणाऱ्या ॲपने बघा. दोन-तीन अंश झुकाव असला तरी माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला अडवत बसतो.

पावसाळ्यातून निघालेली सायकल

चेनवरचा नारिंगी थर तेलाच्या फडक्याने निघत असेल तर चिंता नाही. चेन मागे फिरवून पाहा, एखादी कडी डिरेल्युअरच्या चाकांवरून जाताना उडी मारते का. अशा ताठ कड्या दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर चेन बदला. झीज मोजायला पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यापासून, ती पिन न मोजता, पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. अकरा-बारा गिअरच्या चेनमध्ये ३०६.४ झाले की ती उतरवा, नाहीतर ती कॅसेटही खाते आणि घाटात जोर दिला की सटकते. सटकलेल्या चेनने गुडघा हँडलबारवर आपटतो, हाही एक गुडघेदुखीचा प्रकार आहे.

ट्यूबलेस असेल तर सीलंट (टायरच्या आतला, भोक बुजवणारा द्रव) वाळलेलं असणार. व्हॉल्व्हची गाभ्याची सुई काढून त्यातून एक बारीक केबल टाय आत बुडवा. कोरडी आली तर २८ मिलिमीटरच्या टायरला ३०-४० मिलिलिटर घाला. हे टाळू नका, कारण पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेचं गवत वाळतं आणि सराटे पिकतात. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर ठेवतो. लघुशंकेला सायकल कडेच्या गवतात घातली की दोन्ही टायर भरतात. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायरच्या आतून बोटाऐवजी कापूस फिरवावा. अडकलेला काटा कापसाचे तंतू धरतो आणि बोटही वाचतं.

डिस्क ब्रेक ओरडत असेल तर रोटरवर तेलाचा अंश आहे, बहुधा चेनवर मारलेल्या स्प्रेचा. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून बारीक सँडपेपरवर हलके घासा, मग रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ वरून ५ पर्यंत पंधरा-वीस वेळा वेग उतरवा, चाक न अडवता. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर काही चालत नाही, नवे घ्या. घर्षणाचा थर १ मिलिमीटरच्या खाली असेल तर घाट उतरायच्या आधीच बदला.

ऊस

गाळप हंगाम आणि आपला सीझन एकाच वेळी सुरू होतो. सोलापूर रस्ता, बारामती, फलटण, कराडच्या खाली, कुठेही पहाटे जा, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतात आणि बाजूने ऊस हातभर बाहेर आलेला असतो. त्यांच्या मागे चिकटून वारा वाचवायचा मोह आवरा. रस्त्यावर पडलेलं कांडकं चाकाखाली लाटण्यासारखं फिरतं. वळणावर दिसलं तर ब्रेक न मारता सरळ चाकाने त्यावरून जा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

ताप येऊन गेला असेल तर हा हिशेब लागू नाही

पावसाळ्याच्या शेवटी डेंगी आणि चिकुनगुन्या घरोघरी होतात, आणि नोव्हेंबरात "सायकलमुळे सांधे दुखतात" म्हणणाऱ्यांत याचे रुग्ण बरेच असतात. फरक ओळखता येतो. सायकलचं दुखणं सहसा एका ठिकाणी असतं आणि राइडनंतर वाढतं. चिकुनगुन्याचं दुखणं दोन्ही मनगटं, घोटे, बोटं असं दोन्ही बाजूंना असतं, सकाळी उठल्यावर ताठरपणा सगळ्यात जास्त आणि हालचालीने थोडा सैल होतो. ते महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. अशा वेळी सीट वरखाली करत बसू नका. डेंगीनंतर थकवा काही आठवडे राहतो. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर वरच्या पहिल्या आठवड्यातला वेळही निम्मा करून सुरुवात करा. चालू आजारपणात नुसतं नाक वाहत असेल तर हलकी राइड चालते, पण ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर सायकलला हात लावू नका. छातीत दुखणं, चक्कर किंवा ठोके अचानक अनियमित होणं यात वाट पाहायची नसते.

सहा आठवडे नीट केले आणि तरी ठोके उतरत नाहीत, पाय जड आहेत, झोप पुरेशी आहे, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी सायकलवाल्यांत बी-१२ आणि लोह कमी निघणं नेहमीचं आहे, आणि ते ट्रेनिंगने भरून येत नाही.

२०० ची नोंदणी कधी करायची

डिसेंबरातल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमचा (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडचा) फॉर्म बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यातल्या उत्साहात भरतात. वेळ साडेतेरा तासांची असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरही लागत नाहीत. त्यामुळे वेग ही अडचण नाही, साडेतेरा तासांत गुडघा किती वेळा वाकणार ही आहे. ८० च्या कॅडन्सने दहा तास पेडल मारलं तर ४८,००० वेळा. चार तासांची राइड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, कठडा न धरता दोन मजले उतरून बघा. काही जाणवलं नाही तर फॉर्म भरा. जाणवलं तर जानेवारीतली २०० बघा.